काटा मारला, क्षमा मागितली, शेतकऱ्याचं काय?

नवापूरची_वाट
जय ख्रिस्त. मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात क्षमेवर अभ्यास घ्यायचा आहे. १ योहान १:९ (पापे पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर देव क्षमा करतो) सगळ्यांना पाठ आहे, पण पापे पदरी घ्यायची म्हणजे प्रत्यक्षात करायचं काय? 'प्रभू, माझ्या पापांची क्षमा कर' एवढं म्हटलं की झालं? पाळकसाहेबांना सांगावं लागतं का? काही मुलं कॅथलिक घरातली आहेत, त्यांच्यात फादरांकडे जातात. आणि एक प्रश्न हमखास येणार: व्यापाऱ्याने कापूस मोजताना काटा मारला आणि रविवारी देवाची क्षमा मागितली, तर शेतकऱ्याचं काय? जाणकारांनी नेमकं सांगावं.

तापीकाठ
भाऊ, आधी १ शमुवेल १५ आणि २ शमुवेल १२ शेजारी शेजारी ठेवून वाचा. राजा शौल म्हणतो, 'मी पाप केले आहे.' त्याच्यानंतरचा राजा दावीदही तेच म्हणतो. पण शौल आधी लोकांवर ढकलतो आणि कबुलीनंतर लगेच वडीलधाऱ्यांसमोर आपला मान राखायला सांगतो. दावीद नाथान संदेष्ट्यासमोर एका वाक्यात थांबतो. 'पण', 'कारण', 'सगळेच करतात' यातलं काहीच नाही. कबुली कुठे बिघडते ते इथे दिसतं.

आता करायचं काय. पापाला त्याच्या नावाने हाक मारायची. 'माझ्याकडून काही चुकलं असेल तर' ही कबुली नव्हे, त्यातल्या 'असेल'मध्ये पळवाट आहे. 'अमक्याच्या मालात क्विंटलमागे दोन किलो मी कमी धरले' ही कबुली. मग स्तोत्र ५१ सावकाश वाचायचं. त्यात दावीद क्षमेबरोबर शुद्ध हृदयही मागतो, म्हणजे मागचं पुसणं आणि पुढचं बदलणं दोन्ही. नीतिसूत्रे २८:१३ मध्येही कबूल करणं आणि सोडून देणं जोडीने येतं. काटा तोच ठेवून केलेली प्रार्थना छताच्या वर जात नाही, असं माझं स्पष्ट मत.

पाळकांना सांगणं आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत बंधनकारक नाही. देव आणि मनुष्य यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, १ तीमथ्य २:५. पण याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापे कबूल करा म्हणतो आणि ते आपण सोयीने विसरतो. दारू, जुगार यांसारखं वारंवार ओढणारं पाप असेल तर तोंड बंद ठेवणाऱ्या एका प्रौढ विश्वासी माणसाला सांगावंच. भर सभेत साक्ष म्हणून नको. त्यात दुसऱ्याची अब्रू जाते आणि सांगणाऱ्याला टाळ्या मिळतात.

भाषेचं बंधन नाही. मावची या आदिवासी बोलीत बोला, 'देवा, मन्हं चुकनं' असं अहिराणीत बोला.

भुसावळ_जंक्शन
कॅथलिक बाजू सांगतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार. पाप देवच क्षमा करतो हे आम्हीही मानतो. फादर ख्रिस्ताच्या नावाने पापमुक्ती उच्चारतात, आधार योहान २०:२३.

आधी घरी आत्मपरीक्षण: दहा आज्ञा एकेक घेऊन. मग पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा संकल्प. फादरांसमोर सुरुवातीला शेवटचं पापनिवेदन (फादरांजवळची पापांची कबुली) कधी केलं ते सांगायचं, मग गंभीर पापं प्रकार आणि अंदाजे संख्येसह. लांबलचक हकीकत नको, दुसऱ्याचं नाव नको. फादर प्रायश्चित्त देतात (प्रार्थना, दान किंवा एखादं सेवेचं काम), आपण पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो, ते पापमुक्ती देतात. दिलेलं प्रायश्चित्त लवकर उरकावं, नाहीतर राहून जातं.

गंभीर पाप मुद्दाम लपवलं तर ते पापनिवेदन वैध ठरत नाही. खरोखर विसरलं असेल तर क्षमा झालेली असते, पुढच्या वेळी सांगायचं. गंभीर पापांचं निवेदन वर्षातून निदान एकदा करावं असा चर्चचा नियम आहे. आणि 'फादर बाहेर बोलतील' ही भीती सोडा. कॅथलिक चर्चच्या कायद्यातल्या कलमाप्रमाणे, म्हणजे धर्मविधान ९८३ प्रमाणे, ही गुप्तता मोडताच येत नाही, पोलिसांसाठीही नाही.

एक मात्र तापीकाठ यांच्याशी जुळतं. चोरीचा माल घरात ठेवून पापमुक्ती घेता येत नाही. परतफेड करायची तयारी हवीच.

नवापूरची_वाट
दोघांचे आभार. पण किती परत करायचं? आणि तो शेतकरी वारला असेल किंवा सापडतच नसेल तर?

रावेर_वडील
मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीय ६:१-५ मध्ये, फसवून घेतलेल्याची भरपाई म्हणजे मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा. दहा क्विंटलमध्ये वीस किलो मारले असतील तर वीस अधिक चार, चोवीस किलोचे पैसे. भाव त्या दिवशीचा की आजचा, यावर घासाघीस करू नये. समोरच्याच्या फायद्याचा धरावा. येशूला भेटलेल्या जक्कय जकातदाराने चौपट देऊ केलं (लूक १९:८). निर्गम २२:१ मध्ये चोरून विकलेल्या वा कापलेल्या मेंढरामागे चार आणि बैलामागे पाच द्यायला सांगितलंय, ते माप त्याच्या मनात असावं. ख्रिस्ती माणसावर हा पाचवा हिस्सा कायदा म्हणून लादलेला नाही, पण मूळ रकमेखाली उतरायचं नाही.

माणूस वारला असेल तर वारसांना. वारसही सापडत नसेल तर गरिबाला द्यावं; गणना ५:८ मध्येही जवळचा नातलग नसेल तर ती भरपाई याजकाकडे जाते, देणाऱ्याच्या खिशात परत येत नाही. एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवा, पण शेतकऱ्याला सांगून.

क्रम उलटा करू नका. फेडलं म्हणून देव क्षमा करतो असं नाही. इफिस २:८-९ स्पष्ट आहे, तारण कृपेने. क्षमा मिळालेला माणूस फेडतो. आपल्याकडे इथेच घोटाळा होतो, कारण नवसाची सवय हाडीमाशी आहे. 'देवा, एवढं सोड, मी चाळीस दिवस उपास करतो' हा सौदा झाला. उपास करा, चांगला आहे, पण किंमत म्हणून नाही.

धडगाव_डोंगर
एक राहिलं. मत्तय ६:१४-१५: दुसऱ्याला क्षमा केली नाही तर पिता तुम्हाला करणार नाही. बांधावरून भावाशी बोलणं बंद आणि प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षरसाच्या) विधीला पहिल्या रांगेत, असं चालत नाही. मत्तय ५:२४ प्रमाणे आधी समेट, मग अर्पण. भाऊ ऐकत नसेल तर रोम १२:१८, आपल्याकडून होईल तेवढं.

आणि संघात कोणीतरी मार्क ३:२९ (पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला क्षमा नाही) काढेल, 'माझ्या हातून अक्षम्य पाप झालं का?' म्हणून. तिथे शास्त्री (यहुदी धर्मशास्त्राचे पंडित) डोळ्यांदेखत येशूचं काम सैतानाचं ठरवत होते. ज्याला ती भीती वाटते आणि क्षमा हवी आहे, तो त्यांच्या जागी उभा नाही. कुठल्याही एकाच पापाची कबुली रोज रात्री उगाळणाऱ्यांनाही थांबवा. एकदा पदरी घेतलं की वचनावर टेकायचं, मन हलकं होईपर्यंत वाट पाहत बसायचं नाही.

तापीकाठ
तासाभरात एवढं बसणार नाही. शौल-दावीद आणि लेवीय ६ घ्या, बाकी पुढच्या वेळी. मुलांना पापं कागदावर लिहायला लावणार असाल तर कागद गोळा करू नका. ज्याचा त्याने घरी नेऊन फाडावा.