वाडीतली विहीर मचूळ होतेय: आणखी खणावी की बोअर मारावी?

मंडळी, जरा मदत हवी आहे.

घर गुहागर तालुक्यात, समुद्र हाकेच्या अंतरावर. वाडीत माड, पोफळी, थोडी जायफळं. विहीर आजोबांच्या वेळची, जांभ्यानं बांधलेली, तळाला वाळू. पूर्वी रहाट होता, आता पंप. पाणी कधी आटलं नाही आणि गोडंच होतं. पण अलीकडे मार्च उलटला की मचूळ लागतं, मे महिन्यात तर चहा नासतो. पोफळींची पानं टोकाकडून करपतायत, माड मात्र ठणठणीत. जुलैत पाणी पुन्हा गोडं. शेजारच्या आगरात पर्यटकांसाठी खोल्या झाल्यात, त्यांची बोअर दिवसभर चालू असते. संबंध असेलही, पण पुराव्याशिवाय भांडण नको.

काका म्हणतात, पाच-सहा हात आणखी खणू. भाऊ म्हणतो, बोअर मारून मोकळे होऊ. गाडीवाला पावसाआधी येतो म्हणतोय, म्हणून घाई. (आरओ सुचवू नका. पोफळींना आरओचं पाणी कुठून घालू?)

प्रतिसाद १

आधी गाडी थांबवा.

किनाऱ्यावरच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, कारण समुद्राचं पाणी जड, लिटरला साधारण १.०२५ किलो. ढोबळ हिशेब असा: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी. पण उपसून ती पातळी अर्धा मीटर उतरली आणि तशीच राहिली, की खाऱ्याची हद्द हळूहळू २० मीटर वर चढते. शिवाय जोरात उपसा केला की पंपाखाली खारं पाणी सुळक्यासारखं वर येतं. काकांचा उपाय म्हणजे आपणच त्याला भेटायला खाली जाणं. कातळातल्या बोअरला गोडं पाणी लागेलही, पण भेगा समुद्राकडे निघाल्या तर पैसे पाण्यात, तेही खाऱ्या.

सकाळी उपसा सुरू करायच्या आधी एक बाटली भरा, दोन तास पंप चालवून दुसरी. दोन्हींत क्लोराइड तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरला २५० मिलिग्रॅम, दुसरी सोय नसेल तर १००० पर्यंत. समुद्रात ते १९,००० च्या आसपास. म्हणजे शंभर लिटरांत पाच-सहा लिटर समुद्र शिरला तरी विहीर हातची गेली. दुसरी बाटली जास्त खारट निघाली तर दोष उपशाचा.

तोवर लहान पंप, थांबून थांबून उपसा, फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या नळीच्या पाण्यातल्या टोकाची झडप) जमेल तितका वर, पोफळींना ठिबक.

प्रतिसाद २

मागे खाडी आहे का? आमच्याकडे सगळे समुद्राला दोष देत बसले आणि पाणी येत होतं फुटलेल्या खारबंधाऱ्यातून (खाडीचं खारं पाणी अडवणारा बांध). उधाणाच्या दिवसांत चव बदलते का ते बघा.

धागाकर्ता

खाडी आहे, पण बंधाऱ्याकडे कुणी फिरकलेलं नाही. येत्या अमावास्येला जाऊन बघतो. गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं, भाऊ धुमसतोय. बाटल्या भरल्यात, रिपोर्ट आला की इथे टाकतो. एकच शंका: पावसात पागोळ्यांचं पाणी थेट विहिरीत सोडलं तर चालेल?

प्रतिसाद १

थेट नको, कौलांवरची घाण उतरेल. विहिरीपासून थोडं लांब खड्डा घ्या, खडी-वाळू भरा, तिथे मुरू दे. पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्या.