रिमोटच्या गाडीची मोटर: ढकलली तर धावते, थांबली की जागीच अडते

तळजाईपायथा:

नमस्कार. मुलीची (वय ११) रिमोटची गाडी आहे, १:१० मापाची बग्गी. मोटर ५४० मापाची, कार्बनवाली (कार्बनचे तुकडे घासून आत करंट देतात ती), बॅटरी ७.२ व्होल्ट. दोन वाढदिवसांचे पैसे साठवून तिने स्वतः घेतलीय, त्यामुळे घरात या गाडीला मान आहे.

गेल्या रविवारी पुण्यात तळजाई टेकडीवर चालवताना गाडी ओल्या गवतात रुतली. हिने घाबरून ट्रिगर दाबूनच ठेवला, आठ-दहा सेकंद तरी. जळका वास आला आणि मोटर हात लावू देईना. निवल्यावर आता असं होतंय: कधी नीट सुटते, कधी नुसती थरथरते. चाक बोटाने जरा फिरवलं की सुटते, पण जोर पूर्वीचा नाही, आणि मागच्या भोकातून मोठ्या ठिणग्या दिसतात.

दुकानात दाखवली. त्यांनी न उघडताच "मोटर गेली, नवीन टाका" सांगितलं. मी शिवणकाम करते. माझ्या मशीनच्या मोटरचे कार्बन गेली बारा वर्षं मीच बदलतेय, त्यामुळे न बघता गेली म्हणणं मला पटत नाही. घरात मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची इस्त्री आहे. उघडून बघण्यात अर्थ आहे का? मुलगी शेजारी बसून हे वाचतेय.

वेग_पुणे:

ताई, कार्बनवाल्या मोटरवर वेळ घालवू नका. ब्रशलेस घ्या, कार्बनची कटकटच संपते. फक्त त्याला वेगळा स्पीड कंट्रोलर लागतो, आताचा चालणार नाही, तेवढा खर्च धरा.

जुना_वाइंडर:

ताई, उघडा. भोसरी एमआयडीसीत एकतीस वर्षं मी आर्मेचर (मोटरचा आत फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) भरली. तुम्ही लिहिलंय ते वाचून वाटतं, तार जळलेली नसावी. ठरावीक जागीच अडते म्हणजे कॉम्युटेटरच्या (शाफ्टवरचा, कार्बन ज्यावर घासतात तो भाग) तीन पट्ट्यांपैकी एकीचा संबंध तुटलाय. कार्बन त्या पट्टीवर आला की करंट बंद. गाडी वेगात असेल तर झोकाने पुढे निघून जाते, थांबताना नेमकी तिथे थांबली की अडते. ठिणग्याही त्याच्याच.

उघडण्याआधी डबा आणि मागचं प्लॅस्टिकचं झाकण या दोन्हींवरून एकच रेघ मार्करने ओढा, परत बसवताना ती जुळली पाहिजे. डब्याची कड दोन ठिकाणी आत दाबलेली असते, ती बारीक स्क्रू ड्रायव्हरने हळू उचला. एकदा वाकवलेली कड एखाद-दोन वेळाच सोसते. शाफ्टवर हातोडी अजिबात नाही, आतलं लोहचुंबक फेराइटचं असतं, काचेसारखं तडकतं. शाफ्टच्या दोन्ही बाजूंना पातळ वॉशर असतील. कुठल्या बाजूला किती, हे मुलीला वहीत लिहून ठेवायला सांगा.

आता मोजणी. साध्या मीटरने ओहम बघू नका. या मोटरच्या गुंडाळीचा रोध एका ओहमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, तुमच्या मीटरच्या वायरींचाच त्याहून जास्त भरेल. आम्ही करायचो ते करा. दुचाकीच्या ब्रेकचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या आणि गाडीच्या बॅटरीच्या एका वायरमध्ये जोडा. बल्ब मध्ये असल्याशिवाय बॅटरी आर्मेचरला लावायची नाही. मग दोन पट्ट्यांना करंट द्या आणि मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून त्याच दोन पट्ट्यांवर टेकवा. अशा तीन जोड्या होतात.

तिन्ही आकडे सारखे आले तर गुंडाळी चांगली. दोन सारखे आणि एक दुप्पट आला तर त्या दुपटीच्या जोडीमधली गुंडाळी आत तुटलीय, कारण तिन्ही गुंडाळ्या त्रिकोणात जोडलेल्या असतात आणि करंट लांबून वळसा घालून येतो. एक आकडा बाकीच्यांपेक्षा फार कमी आला तर आत शॉर्ट आहे, मग रिवाइंडिंगशिवाय इलाज नाही. आणि दोन जोड्यांवर बल्ब लागलाच नाही, तर त्या दोन्हींत जी पट्टी सामाईक आहे तिच्या कानाजवळचं (तार जिथे अडकवतात तिथलं) सोल्डर सुटलंय. अडकलेल्या मोटरमध्ये हे नेहमी होतं. साधं सोल्डर १८३ अंशांच्या पुढे वितळायला लागतं, आणि मोटर सुटली की ते बाहेर फेकलं जातं. डब्याच्या आत चंदेरी थेंब चिकटलेत का बघा.

माझा अंदाज या शेवटच्या शक्यतेचा आहे. मोजून इथे लिहा, पुढचं सांगतो.

बुधवारपेठी:

बल्ब कुठल्याही ऑटो पार्ट्सवाल्याकडे मिळेल. फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो) आणि पॉलिश पेपरसाठी तपकीर गल्लीत या, बसने आलात तर अप्पा बळवंत चौकात उतरून चालत. आणि जुन्या बाजारात (रविवारी आणि बुधवारी भरतो) कॉर्डलेस ड्रिलमधली मोटर कोणी देऊ केली तर आधी मोजा. ती बहुतेक ५५० असते, जाडी तीच पण लांबीला साधारण ७ मिलिमीटर जास्त, तुमच्या गाडीत बसेलच असं नाही.

तळजाईपायथा:

काका, उघडली! एका जोडीवर ९८ मिलिव्होल्ट, बाकी दोन जोड्यांवर बल्ब लागलाच नाही. डब्याच्या आत ज्वारीच्या दाण्याएवढा चंदेरी थेंब मुलीलाच आधी दिसला. तारेचा वेटोळा कानावर नुसता टेकलाय, हलतोय. तार लाल-तपकिरी आहे, काळी कुठेच नाही.

जुना_वाइंडर:

मग आर्मेचर वाचलं. वेटोळ्यावरचं इनॅमल ब्लेडने खरवडा, तांबं चकाकलं पाहिजे. फ्लक्स राळेचाच वापरा, पत्रे जोडायचा आम्लाचा नको, तो नंतर तार खातो. इस्त्री पूर्ण तापवून दोन-तीन सेकंदांत काम संपवा, कॉम्युटेटरची आतली बैठक प्लॅस्टिकची आहे. मग १००० नंबरचा आणि पुढे २००० नंबरचा पेपर आइस्क्रीमच्या काडीला गुंडाळून पट्ट्या उजळा. पट्ट्यांमधल्या फटी सुईने कोरा, कार्बनची पूड तिथे साचली की करंट आडवा पळतो. बुशला (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्याला) तेल एकेक थेंब, कार्बनकडे जाऊ द्यायचं नाही. जोडल्यावर लगेच गाडीत घालू नका, दोन पेन्सिल सेलवर मोकळी दहा मिनिटं फिरवा, कार्बन बसू दे.

आणि ताई, मोटर बाहेर आहे तोवर मागची चाकं हाताने फिरवा. सोडल्यावर ती फिरत राहिली पाहिजेत. लगेच थांबत असतील तर गवत हे शेवटचं निमित्त होतं, मोटर आधीपासून ओझं ओढत होती. ते काढलं नाही तर हेच सोल्डर परत सुटेल.

तळजाईपायथा:

तिन्ही जोड्या: ९७, ९८, ९७. सेलवर बसल्या जागी सुटते, शाफ्ट कुठेही थांबवा, सहा वेळा पाहिलं.

पण काका, उजवं चाक अर्धा फेराही फिरत नव्हतं. चाक काढलं तर ॲक्सलवर, बेअरिंगच्या आत शिरलेला दोरा. लाल पॉलिस्टरचा. दिवाळीच्या ऑर्डरींचा, माझ्या मशीनखालचा. तेव्हापासून गाडी तो घेऊनच फिरत होती. टाके उसवायच्या रिपरने वीस मिनिटं कापत बसलो, वितळून घट्ट झाला होता. बेअरिंग खरखरतंय, ते नवीन आणायचं आहे. शिक्क्यावर ५ × ११ × ४ असं वाचता येतंय. बुधवारी तपकीर गल्लीत मिळेल का, की बेअरिंगचं दुकान वेगळं?

बुधवारपेठी:

तपकीर गल्लीत नाही मिळायचं. नाना पेठेत बेअरिंगवाल्यांकडे विचारा. जुनं सोबत न्या आणि दोन्ही बाजूंना झाकण असलेलंच मागा, तळजाईची माती बारीक आहे.