घड्याळ 'मिळवणे', 'जुळवणे' की 'लावणे'?

दौत:
जुने संगणक जमवणाऱ्यांसाठी एक पुस्तिका मराठीत करतेय. कमोडोर कंपनीच्या अमिगा २००० या संगणकात (१९८७) ब्रिजबोर्ड नावाचं कार्ड बसवलं की एकाच खोक्यात अमिगा आणि ८०८८ प्रोसेसरचा पीसी शेजारी शेजारी चालतात. बॅटरीवरचं घड्याळ अमिगाकडे. पीसीची डॉस ही सिस्टिम मात्र सुरू होताना तारीख-वेळ विचारत बसतं, म्हणून ती अमिगाकडून घ्यायची. मी लिहिलं, 'पीसीचं घड्याळ अमिगाशी जुळवा'. संपादकांनी 'समक्रमित करा' केलं. काय ठेवू?

पाटीपेन्सिल:
समक्रमित नकोच. क्रम म्हणजे एकामागून एक. 'सिंक्रोनाइझ'च्या मूळ ग्रीक शब्दात 'ख्रोनोस' आहे, म्हणजे काळ. 'समकालन' करा. जुळवायची ती पत्रिका.

जस्तकथील:
समकालन कोण बोलतं? फोनवर 'सिंक करा' असतं, शेंबड्या पोरालाही कळतं.

पाटीपेन्सिल:
कळतं म्हणून घरचा शब्द टाकायचा? उद्या 'जेवण'ही टाकाल.

कवडसा:
आमच्याकडे घड्याळ 'मिळवायचे'. आकाशवाणीच्या बातम्यांआधी ठोके पडायचे. वडील मनगटी घड्याळाची किल्ली ओढून काटे सातवर आणून ठेवायचे नि शेवटच्या ठोक्याला ती आत दाबायचे. तेवढा वेळ घरात कुणी ब्र काढायचा नाही.

दौत:
पण मिळवणं दोघांचं असतं ना? इथे एकाचंच खरं, दुसऱ्याने मुकाट ऐकायचं.

जस्तकथील:
मग 'लावणे'. 'रेडिओवरून घड्याळ लावलं' म्हटलं की खरं कुणाचं ते 'वरून'मध्येच आलं. 'अमिगावरून पीसीचं घड्याळ लावा' लिहा. खुद्द अमिगातही दोन घड्याळं असतात, एक बॅटरीच्या चिपमधलं, एक चालू सिस्टिमचं. 'सेटक्लॉक लोड' ही आज्ञा चिपवरून सिस्टिमचं लावतं, 'सेटक्लॉक सेव्ह' उलट. अमिगाच्या सिस्टिमच्या १.३ आवृत्तीत स्टार्टअप-सीक्वेन्समधून (सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या यादीतून) 'लोड'ची ओळ उडवली तर चिप बरोबर असूनही सिस्टिम भलतीच तारीख दाखवते. आणि पुस्तिकेत हे ठळक छापा: अमिगाच्या मुख्य बोर्डावरची निकेल-कॅडमियम बॅटरी गळते, तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. वेळेचं नंतर, आधी ती काढा.

कवडसा:
पण अमिगा दिवस मोजते १ जानेवारी १९७८ पासून, डॉस १९८० पासून. आकडा जसाच्या तसा उचलता येत नाही, हिशोब बसवावा लागतो. म्हणजे दौत यांचं 'जुळवणे'च बरोबर की!

पाटीपेन्सिल:
'लावणे'ही हलकं समजू नका. लागणे, लावणे, लग्न सगळं 'लग्' धातूचं. घटिकापात्र बुडालं की लग्न लागायचं, म्हणजे वेळेशी या शब्दाची सोयरीक जुनीच.

कवडसा:
वेळेवरून आठवलं. आजी विचारायची, "मुंबई टाइम की स्टँडर्ड?" मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. प्रमाणवेळ १९०६ ला आली, तरी मुंबईने जुनी वेळ पुढे कित्येक दशकं सोडली नाही. लोक मनातल्या मनात फरक धरायचे.

पाटीपेन्सिल:
धरायचे की काढायचे? आमच्याकडे फरक 'काढतात'.

जस्तकथील:
दोन्ही चालतं. गिरणगावात मात्र 'भोंग्यावर घड्याळ लावलं' म्हणत. तिथे 'वर', 'वरून' नाही. कोकणात काय म्हणतात?

कवडसा:
कोकणात कुठे? रत्नागिरीत 'वरून'च. मालवणकडच्यांनी सांगावं.