जुन्या सागवानी खुर्चीची बैठक घरीच नव्याने बांधायची आहे, सल्ला हवा

पैनगंगा_काठ :
नमस्कार मंडळी. आम्ही पुसद तालुक्यातील एका खेड्यात राहतो. जवळच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमधील सामान विकायला निघाले, तेव्हा तेथील कचेरीतली हातांची एक जुनी खुर्ची आम्ही घेतली. विकणाऱ्याने ती सागवानी असल्याचे सांगितले आणि वजनावरून तसे वाटतेही. परंतु कोणीतरी तिच्यावर हिरव्या ऑइल पेंटचे जाड थर चढवलेले आहेत. बैठकीचे रेक्झिन तडकले असून आतला काथ्या बाहेर आला आहे, खालची नवार लोंबते आहे, स्प्रिंगा एका अंगाला कलल्या आहेत आणि पुढचा उजवा पाय हलतो. मागच्या एका पायाला तळाशी बारीक भोके असून त्यांतून पिठासारखा भुसा पडतो. ही खुर्ची वडिलांसाठी आहे. त्यांचे गुडघे दुखत असल्याने बैठक फार खोल जाणारी नको. फोम घालावा की कापूस, स्प्रिंगा ठेवाव्यात की काढाव्यात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोणते कापड टिकेल, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. मृगाच्या आत काम आटोपावे, अशी इच्छा आहे.

आर्वीकर :
ताई, फोम आणि कापड यांचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपल्या वर्णनातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे मागच्या पायातून पडणारा भुसा. सागवानाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पण सालीलगतच्या फिकट, पांढरट भागाला ती लागते, आणि लाकूड वाया जाऊ नये म्हणून असा भाग पायांत किंवा मागच्या पट्ट्यांत वापरलेला पुष्कळदा आढळतो. (सागवान म्हणून विकले जाणारे सगळेच सागवान नसते, हेही आहेच. रंग निघाल्यावर खरे काय ते दिसेल.) खुर्ची झटकून स्वच्छ करावी आणि तिच्या पायांखाली काळा कागद अंथरून आठ-दहा दिवस हलवू नये. कागदावर ताजी पूड पडली तर कीड जिवंत आहे. त्यानंतर भोकांच्या आसपास दाभण टोचून पाहावे. ते सहज आत रुतत असेल, तर औषधोपचाराच्या भानगडीत न पडता तेवढा पाय सुताराकडून बदलून घ्यावा, कारण वडिलांचे वजन त्यावरच येणार आहे.

लाकूड घट्ट लागले, तर बोरॅक्स आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून ते पाणी ब्रशने दोन-तीन वेळा पाजावे. हे पाणी उघड्या लाकडातच मुरते, रंगावर किंवा पॉलिशवर लावून त्याचा काही उपयोग होत नाही. म्हणून आधी रंग काढणे आले. आपल्याकडे पुष्कळ जण मे महिन्याच्या उन्हात खुर्ची टाकून कीड मारण्याचा सल्ला देतात. निर्यातीच्या लाकडी खोक्यांसाठी जो आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्यात लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापवून ते तापमान सलग ३० मिनिटे राखावे लागते. चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या वर जात असला, तरी जाड पायाचा गाभा तेवढा तापेलच याची खात्री देता येत नाही, आणि सांधे मात्र त्या उन्हाने नक्की उलतात.

रंगाविषयी एक गंभीर सूचना करतो. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. आपली खुर्ची त्याआधीच रंगवलेली असणार. तेव्हा हा रंग कोरडा घासू नये आणि जाळून तर मुळीच काढू नये. पेंट रिमूव्हर लावून, थर फुगला की पत्र्याच्या पट्टीने खरवडावा आणि उरलेला रंग वॉटर पेपरने पाणी मारत घासावा. हे काम अंगणात, नाकातोंडाला मास्क लावून करावे, लेकरांना आणि कोंबड्यांना लांब ठेवावे, आणि खरवडलेला चोथा परसात न फेकता पिशवीत बांधून ठेवावा.

झाडीपट्टी :
आर्वीकरांनी सांगितलेल्या क्रमात एक भर घालतो. रेक्झिन काढण्यापूर्वी खुर्ची भर उजेडात उलटी करून काठीने चांगली ठोकून घ्यावी. वर्षानुवर्षे अडगळीत पडलेल्या बैठकीखाली विंचू असतो, आणि काथ्यात उंदराने घर केलेले असणे ही तर नित्याची बाब आहे. हात घालायचा तो त्यानंतरच. काढताना सर्वांत शेवटी जे लावले गेले असेल ते आधी निघते, म्हणून तळाच्या कापडापासून सुरुवात करावी आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. जुने रेक्झिन कितीही फाटलेले असले तरी टाकू नये. नवे कापड बेतण्यासाठी त्याच्याइतका अचूक नमुना दुसरा मिळणार नाही.

हलणाऱ्या पायात खिळा ठोकण्याचा मोह टाळावा. खिळ्याने कुसू (दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारे टोक) फुटते आणि मग सांधा कायमचा जातो. अशा जुन्या खुर्च्या बहुधा सरसाने जोडलेल्या असतात. कोमट पाण्यात भिजवलेले फडके सांध्याला गुंडाळून ठेवले की सरस मऊ पडतो आणि सांधा हळूच उकलतो. कुसवावरचा आणि भोकातला जुना सरस पूर्ण खरवडून काढावा, कारण त्याच्यावर फेविकॉल धरत नाही. मग फेविकॉल लावून सांधा बसवावा, खुर्चीभोवती सुतळीचा दुहेरी वेढा घ्यावा आणि त्यात काडी घालून वेढा कसेपर्यंत पिळावा. शिकंजा घरात नसला तरी काही अडत नाही. त्याच वेळी बैठकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. ते सारखे भरले नाहीत, तर खुर्ची तिरकी वाळेल आणि जन्मभर डुगडुगेल. पुढे चोवीस तास तिला हात लावू नये.

आर्वीकर :
आता बैठकीकडे वळू. माझे मत स्प्रिंगा ठेवण्याच्या बाजूचे आहे, कारण त्या सहसा मोडलेल्या नसतात. खालची नवार सैल पडली आणि बांधलेली सुतळी कुजली की त्या कलतात. दोन इंच रुंदीची सुती नवार घ्यावी आणि खाटेला विणतो तशी आडवी-उभी एकमेकींतून विणावी. प्रत्येक पट्टी ओढताना ती एका लाकडी ठोकळ्याला वेढून, ठोकळा चौकटीच्या कडेला टेकवून मागे लववावा, म्हणजे हाताने कधीच येणार नाही असा ताण बसतो. पट्टीचे टोक दुमडून त्यावर चार-पाच चुका (बारीक खिळे) नागमोडी ओळीत माराव्यात. एका रेषेत मारल्यास लाकूड त्या रेषेवर चिरते. प्रत्येक स्प्रिंग नवारीला चार ठिकाणी शिवावी आणि वरून पुढे-मागे, आडवी व तिरपी अशी सुतळी बांधून सर्व स्प्रिंगा सारख्या उंचीवर आणाव्यात. त्यावर बारदाना, बारदान्यावर धुऊन कडक वाळवलेला जुनाच काथ्या, आणि त्यावर पिंजलेल्या कापसाचा थर द्यावा. यवतमाळ जिल्ह्यात राहून कापूस सोडून फोम विकत आणणे मला तरी पटत नाही.

नवारपट्टी :
आर्वीकर भाऊंची पद्धत उत्तम आहे आणि खुर्ची दिवाणखान्यात मिरवायची असती, तर मीही तेच सुचवले असते. परंतु ताईंनी गुडघेदुखीचा उल्लेख केला आहे. स्प्रिंगांवर बसलेला माणूस खाली जातो आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. शिवाय कापूस काही महिन्यांत दबतो, त्याच्या गुठळ्या होतात आणि तो पुन्हा पिंजून घ्यावा लागतो. पिंजारी पूर्वीसारखे दारावर येत नाहीत. म्हणून स्प्रिंगा काढून चौकटीत १२ मिलिमीटरचा प्लायवूड बसवावा, हवा खेळण्यासाठी त्याला जागोजागी भोके पाडावीत आणि त्यावर ४० डेन्सिटीचा तीन इंची फोम लावावा. दुकानदार ३२ डेन्सिटीचा स्वस्त फोम पुढे करतो. तो पाठीला चालेल, पण बैठकीत लवकर बसतो. बसल्यानंतर बैठक जमिनीपासून साधारण सतरा-अठरा इंच राहील अशा बेताने जाडी ठरवावी. वडिलांची उंची कमी असेल, तर त्यांचे तळवे जमिनीवर पूर्ण टेकतात की नाही हे पाहूनच फोम कापावा.

पैनगंगा_काठ :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काळ्या कागदावर पूड पडली नाही आणि दाभणही रुतले नाही, त्यामुळे पाय वाचला असे समजते. वडिलांना विचारले असता त्यांनी स्प्रिंगांना साफ नकार दिला, म्हणून बैठकीला प्लायवूड व फोम आणि पाठीला घरचा कापूस असे ठरवले आहे. कापड आणि पॉलिश यांविषयी मात्र अजून निर्णय होत नाही. दुकानदार रेक्झिनचाच आग्रह धरतो आहे.

नवारपट्टी :
रेक्झिन पुसायला सोपे असते, हा त्याचा एकच गुण. एप्रिल-मेमध्ये त्यावर पाठ चिकटते आणि कूलरच्या दमट हवेत तर बसवत नाही. जाड विणीचे सुती कापड घ्यावे, आणि ते आधी भिजवून वाळवावे, म्हणजे नंतर आटणार नाही. सोफ्याचे कापड बहुधा ५४ इंच पन्ह्याचे असते. हातांना गादी नसेल तर दोन मीटर पुरावे, तरी जुन्या रेक्झिनवरून मोजून मगच घ्यावे. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाकडे कोणी जाणार असेल, तर तेथली खादी पाहता येईल, मात्र पातळ खादी ताणून ठोकू नये. तिची काढता-धुता येणारी खोळ शिवावी.

कापड लावताना चारही बाजूंच्या मध्यभागी प्रथम एकेक चूक अर्धवट मारावी, मग मधून कोपऱ्यांकडे सरकत जावे आणि कापडाचा उभा धागा सरळ आहे ना, हे वारंवार पाहावे. कोपरे सर्वांत शेवटी घ्यावेत. चुका पूर्ण ठोकण्यापूर्वी वडिलांना एकदा बसवून पाहावे, कारण वजन पडले की कापड कुठे सैल आहे ते लगेच कळते.

झाडीपट्टी :
पॉलिशसाठी चपडी घ्यावी. ही लाखेपासूनच होते आणि लाख आमच्या गोंदिया भागात पळसावर घेतली जाते. चपडी रात्रभर स्पिरिटमध्ये विरघळू द्यावी, गाळून घ्यावी आणि मलमलीत कापूस गुंडाळून केलेल्या बोळ्याने पातळ हात द्यावेत. हे काम मात्र पावसाची झड लागण्यापूर्वीच उरकावे, कारण दमट हवेत चपडीवर पांढरी झाक येते. तसेच, या पॉलिशवर गरम चहाचा कप ठेवल्यास डाग पडतो. वडिलांना खुर्चीच्या हातावर कप ठेवण्याची सवय असेल, तर चपडीऐवजी जवसाचे तेल लावावे. कच्चे तेल वाळायला फार वेळ घेते, म्हणून रंगाच्या दुकानातून डबल बॉइल्ड मागून आणावे. तेल पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि असा गोळा आपोआप पेट घेतो. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात, किंवा अंगणात एकेक पसरून पूर्ण वाळल्यावरच टाकाव्यात.

पैनगंगा_काठ :
वडील चहाचा कप खुर्चीच्या हातावरच ठेवतात, तेव्हा जवसाचे तेल नक्की झाले. फोम प्लायवूडला चिकटवण्यासाठी लाकडाचाच फेविकॉल चालेल का?

नवारपट्टी :
नाही. त्यासाठी एसआर नावाचा रबरी चिकटा मिळतो. तो दोन्ही पृष्ठभागांना पातळ लावून, बोटाला चिकटेनासा झाला की मगच फोम दाबावा. त्याचा वास उग्र असतो आणि तो झटकन पेट घेतो. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास चूल किंवा उदबत्ती पेटलेली नसावी.