डावखुरा, डावरा की डाव्या हाताचा?

मुलांसाठी लिहिलेल्या एका गोष्टीचे मुद्रितशोधन मी सध्या करत आहे. तिच्या दुसऱ्याच पानावर ‘नमू डावखुरी होती’ असे वाक्य आहे. हस्तलिखित वाचून पाहणाऱ्या एका आईने, जिची स्वतःची मुलगी डाव्या हाताने लिहिते, त्या वाक्याखाली रेघ ओढून समासात ‘खूर जनावराला असतो’ एवढेच लिहिले आणि पान परत केले. तोवर हा शब्द मी शेकडो वेळा वाचला होता, लिहिलाही होता, पण त्याच्या पोटातला खूर मला कधी दिसला नव्हता. आता तो दिसल्यावाचून राहत नाही. म्हणून ही चर्चा सुरू करत आहे : डाव्या हाताने काम करणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणावे, आणि आपल्या भागात काय म्हणतात?

माझ्या हाती जे लागले ते आधी मांडतो. ‘उजवा’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘ऋजु’मध्ये, म्हणजे सरळ या अर्थाच्या शब्दात आहे. प्राकृतात त्याचे ‘उज्जु’ झाले, जुन्या मराठीत ‘उजू’ म्हणजे सरळ, आणि त्याच कुळातला आपला ‘उजवा’. हिंदीत आजही उजव्या हाताला ‘सीधा हाथ’ म्हणतात, ती कल्पना आणि आपली कल्पना एकच आहे. ‘डावा’ मात्र संस्कृतातून आलेला दिसत नाही. हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृतातील देशी शब्दांचा जो संग्रह केला, त्या ‘देशीनाममाले’त डाव्या हातासाठी ‘डव्व’ हा शब्द आहे. गुजरातीचा ‘डाबो’, कोंकणीचा ‘दावो’ आणि आपला ‘डावा’ हे सख्खे भाऊ. खेळातला ‘डाव’ आणि वरण वाढायचा ‘डाव’ यांचा या कुळाशी संबंध नाही, हे लगेच सांगून टाकतो, कारण शब्दचर्चेत ती गल्लत हमखास होते. वाढायचा डाव संस्कृत ‘दर्वी’वरून आला.

एकाला सरळपणाचे नाव मिळाले आणि दुसऱ्याला नुसते वेगळेपणाचे, याचा परिणाम पुढच्या सगळ्या शब्दांवर झालेला आहे. दोन गोष्टींत सरस असेल ती उजवी. मुलांमुलांत आईवडिलांनी डावे-उजवे करू नये, असे आपण म्हणतो. विश्वासू माणूस म्हणजे उजवा हात. अगदी सोपे काम म्हणजे डाव्या हाताचा मळ, कारण ज्या हाताकडून काही अपेक्षाच नाही त्यालाही ते जमते. या सर्वांत मला अधिक विचार करायला लावणारा शब्द ‘डावलणे’ हा आहे. देवाला प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला राहतो, आणि मान ज्याला द्यायचा त्याला उजवी घालून जायचे ही जुनी रीत. ज्याला डावीकडे टाकून पुढे गेलो, त्याचा मान राखला नाही, त्याला डावलले. बढतीच्या यादीतून नाव वगळले गेले की आज आपण ‘मला डावलले’ म्हणतो, तेव्हा देवळातली ती प्रदक्षिणा कोणाच्याही मनात नसते, पण शब्दात ती शिल्लक आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. उजव्या हाताने काम करणाऱ्याला मराठीत रोजच्या वापरातले नावच नाही. ‘डावखुरा’ आहे, ‘डावरा’ आहे, पण त्यांना जोड म्हणून ‘उजवखुरा’ असे कोणी सहज बोलताना मी ऐकलेले नाही. दर दहा माणसांमागे साधारण नऊ जण तसे असल्यावर त्यांना ओळखण्यासाठी शब्दाची गरज कोणाला पडावी? नाव वेगळ्या दिसणाऱ्यालाच ठेवले जाते. आपले मत आणि आपल्या भागातले शब्द कृपया सांगावेत.

प्रतिसाद १

आमच्या वऱ्हाडात ‘डेबरा’ म्हणतात, आणि हाक मारताना ‘डेबऱ्या’. मी स्वतः डेबरा आहे. गावात माझ्या नावाचे आणखी दोघे होते, त्यामुळे ‘डेबऱ्या’ ही माझी ओळखच झाली. म्हातारी माणसे ते प्रेमाने म्हणत आणि शाळेतली मुले चिडवण्यासाठी म्हणत. अक्षरे तीच, पण माझ्या कानाला ते दोन वेगळे शब्द होते. त्यामुळे खूर असलेला शब्द वाईट आणि खूर नसलेला चांगला, अशी विभागणी मला पटत नाही. ‘डेबरा’मध्ये कोणतेही जनावर नाही, तरी तो मला पुष्कळ लागला आहे.

आपण डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलीच्या गोष्टीचे काम करत आहात, म्हणून एक अनुभव सांगतो. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात लिहिलेल्या अक्षरांच्या पुढे चालतो, आमचा हात अक्षरांवरून चालतो. पाटीवर लिहिताना माझ्या तळहाताची कड ओळीचा अर्धा भाग पुसत पुढे जायची आणि पाटीपेन्सिलीची पांढरी भुकटी मनगटापर्यंत चढायची. गुरुजींना पुसट पाटी दिसायची, ती कशामुळे पुसट झाली हे दिसत नसे. त्याहून कठीण काम शिरोरेषेचे. उजवा हात ती रेघ ओढत नेतो, डाव्या हाताला ती ढकलावी लागते, आणि ढकलताना टोक कागदात रुतते. म्हणून मी शब्दाची सगळी अक्षरे आधी लिहून घेई आणि शेवटी उजवीकडून डावीकडे रेघ ओढून घेई. रेघ सरळ येत असे, पण ‘उलटी रेघ काढतो’ म्हणून मला ती वही पुन्हा लिहावी लागली. तयार झालेल्या रेघेत उलटसुलट काय दिसणार होते, हे मला आजतागायत समजलेले नाही. आपल्या नमूला ती रेघ तिच्या दिशेने ओढू द्यावी, एवढी विनंती आहे.

शेतीतलाही एक मुद्दा आहे. दातेरी विळ्याची धार एका अंगाने काढलेली असते, ती उजव्या हाताला धरून. डाव्या हाताने कापणी करणारा माणूस तोच विळा चालवू लागला तर तो धाटावरून निसटतो. माझ्या वडिलांनी लोहाराकडून माझ्यासाठी धार दुसऱ्या अंगाने काढून घेतली होती. घरात तो ‘डेबरा इळा’ म्हणून ओळखला जाई आणि दुसरे कोणी चुकून उचलला की लगेच ठेवून देत असे. तो शब्द मात्र मला कधी टोचला नाही.

प्रतिसाद २

मी बडोद्यात वाढले. घरात मराठी आणि बाहेर गुजराती असल्यामुळे एक गंमत वाटणारी, पण विचार केल्यास गंभीर अशी गोष्ट सांगावीशी वाटते. गुजरातीत उजव्याला ‘जमणो’ म्हणतात. ‘जमवुं’ म्हणजे जेवणे, म्हणून जमणो हात म्हणजे जेवायचा हात. आपणही लहान मुलांना उजवा हात शिकवताना ‘जेवायचा हात कोणता?’ असेच विचारतो. माझ्या धाकट्या बहिणीला आजीने हा प्रश्न विचारला तेव्हा तिने निःशंकपणे डावा हात वर केला. उत्तर बरोबरच होते, ती त्याच हाताने जेवत असे. आजीने तिची समजूत घालायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण जेवायच्या हाताने जेवत नाहीत तर मग काय करतात, या तिच्या प्रश्नाला आजीकडे उत्तर नव्हते. त्यानंतर आमच्या घरी ‘खिडकीकडचा हात’ आणि ‘दाराकडचा हात’ असे म्हणू लागले, आणि बहीण अंगणात गेली की तेही कामाचे राहत नसे.

आपण डाव्याच्या हीनपणाचे शब्द दिलेत, त्यांच्या जोडीला पानाची डावी बाजू अवश्य ठेवावी. आपल्या पंगतीत पानावर प्रथम मीठ पडते, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे, आणि हे सर्व डावीकडे. उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये वरण-भात. ‘डावी बाजू वाढून झाली का?’ हे वाढणाऱ्यांचे रोजचे वाक्य आहे, आणि एखाद्या सुगरणीचे कौतुक करताना ‘तिची डावी बाजू पाहावी’ असे माझी आजी म्हणत असे. येथे डावे म्हणजे कमी प्रतीचे नव्हे, तर थोडके आणि नेमके. बोटाने चाखायचे ते लांबच्या बाजूला आणि घासाघासाला लागणारे जवळ, इतका साधा हिशेब त्यात आहे. अर्थात तो हिशेब उजव्या हाताने जेवणाऱ्याचा आहे. माझ्या बहिणीला लोणचे जवळ आणि भाजी दूर पडे, शिवाय डावीकडच्या माणसाच्या कोपराला तिचा कोपर लागे, म्हणून लग्नाच्या पंगतीत ती ओळीच्या डाव्या टोकाचे पान शोधून बसत असे. आजही तशीच बसते.

हळदीकुंकवाला मात्र तिने डाव्या हाताने बोट पुढे केले की समोरच्या बाईंचा चेहरा बदलतो. तेथे तिने उजवा हात शिकून घेतला आहे. मला ते आवडत नाही, पण निर्णय तिचा आहे.

‘डावखुरी’ हा शब्द तिला चालतो का, असे मी आज तिला विचारले. ती म्हणाली की ‘उलट्या हाताची’ याच्यापेक्षा काहीही चालेल. आमच्याकडे हिंदी-गुजरातीच्या सहवासाने डाव्या हाताला ‘उलटा हात’ म्हणतात. महाराष्ट्रात ‘उलट्या हाताची’ म्हटल्यावर हाताच्या पाठीने मारलेली थप्पड आठवते, हे तिला लग्नानंतर पुण्यात कळले.

प्रतिसाद ३

क्रिकेटने ‘डावखुरा’ या शब्दाला दिलेला मान विसरू नये. अजित वाडेकर डावखुरे फलंदाज होते, आणि त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने 1971 मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही ठिकाणी कसोटी मालिका जिंकल्या. बापू नाडकर्णी डावखुरे फिरकी गोलंदाज, 1964 मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग 21 षटके निर्धाव टाकली. वर्तमानपत्रांत आणि आकाशवाणीवरच्या मराठी समालोचनात हा शब्द अशा नावांना लागून येत राहिला, आणि आमच्या पिढीच्या कानाला त्यात खूर नव्हे तर बॅट ऐकू येते. व्युत्पत्ती शब्द कोठून आला ते सांगते. तो आज कोठे पोचला आहे ते वापरच सांगतो.

मूळ लेखकाचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. क्रिकेटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पण त्याच मैदानावर ‘डावखुरा’ हा शब्द माणसाला पुरत नाही, हेही दिसते. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितात आणि स्वाक्षरी करतात, फलंदाजी व गोलंदाजी मात्र उजव्या हाताने करत. सौरव गांगुली यांचे नेमके उलट, फलंदाजी डावी आणि गोलंदाजी उजवी. यांतील डावखुरा कोण? क्रिकेटच्या भाषेत गांगुली, शाळेच्या वहीत तेंडुलकर. म्हणजे हा शब्द खरे तर त्या माणसाच्या एका कामाविषयी बोलतो आणि आपण तो पूर्ण माणसाला चिकटवतो.

येथे ‘सव्यसाची’ची आठवण होते. अष्टपैलू लेखकाला किंवा संपादकाला आपण सरसकट सव्यसाची म्हणतो, आणि कोणी कोणी डावखुऱ्यासाठी प्रतिष्ठित शब्द म्हणून तो सुचवतात. दोन्ही वापर मूळ अर्थापासून दूर आहेत. ‘सव्य’ म्हणजे मुळात डावा. जानवे डाव्या खांद्यावर असते ते सव्य, उजव्या खांद्यावर घेतले की अपसव्य, आणि ही अदलाबदल वारंवार करावी लागते म्हणून कटकटीच्या कामाला सव्यापसव्य म्हणतात. मराठीत मात्र सव्य म्हणजेच उजवे अशी समजूत रूढ झाली आहे, इतकी की हा शब्द वापरायचा तर अर्थ सोबत द्यावा लागतो. महाभारताच्या विराटपर्वात राजपुत्र उत्तराला आपल्या दहा नावांचा अर्थ सांगताना अर्जुन म्हणतो : ‘उभौ मे दक्षिणौ पाणी गाण्डीवस्य विकर्षणे’. गांडीव ओढण्याच्या कामी माझे दोन्ही हात उजवेच आहेत, म्हणून मला सव्यसाची म्हणतात. डाव्या हाताचा गौरव करतानाही त्याला ‘दक्षिण’ ठरवावे लागले, याची मला खंत वाटते. पण त्या ओळीत ‘गाण्डीवस्य विकर्षणे’ हे शब्दही आहेत. आपले हात कोणत्या कामी तसे आहेत, हे अर्जुनाने आवर्जून सांगितले आहे.

‘वाम’ हा शब्द मी सुचवत नाही. विठ्ठलाच्या आरतीतली वामांगी रखुमाई सर्वांच्या तोंडी आहे, सुंदर हाही त्याचा एक अर्थ आहे, पण प्रतिकूल हा अर्थही त्याच शब्दाला आहे आणि तो आठ वर्षांच्या मुलीच्या वाट्याला देऊ नये. ‘डावरा’ हा साधा, बोलीतला, खूर नसलेला शब्द मला व्यक्तिशः आवडतो, आणि डावऱ्या विळ्यासारख्या वस्तूला तर तो फार शोभून दिसतो. ‘डावखुरा’ खेळाच्या बातमीतून काढावा असे मी म्हणणार नाही. वऱ्हाडच्या प्रतिसादकर्त्यांचे म्हणणे खरे आहे की टोचणे अक्षरांत नसून हाक मारणाऱ्याच्या तोंडात असते. मात्र मुलांच्या पुस्तकात हाक मारणारा कोण असेल हे आपल्याला आधी ठरवता येत नाही, म्हणून तेथे मी सावध राहीन.

लेखिकेशी बोलून दुसऱ्या पानावरचे वाक्य आम्ही आता असे केले आहे : ‘नमू डाव्या हाताने लिहायची आणि शिरोरेषा शेवटून सुरुवातीकडे ओढायची.’ समासात रेघ ओढणाऱ्या त्या आईंना पान पुन्हा दाखवले. त्यांनी ते मुलीपुढे ठेवले, मुलीने शेजारच्या कोऱ्या कागदावर स्वतःचे नाव लिहिले, रेघ शेवटून ओढली, आणि पान न बदलता परत आले.