गाइड घेऊन की आपलं आपण? गळाच्या सहलींचे अनुभव लिहा

गोदाकाठचा
परवा पोराचा फोन आला. चार मित्र मिळून मेमध्ये हिमाचलात, तीर्थन खोऱ्यात ट्राउट धरायला चाललेत. लॉजवाल्यानं दोन दर सांगितलेत. एकात गाइड, गळ-रीळ, परवाना, दुपारचा डबा सगळं आलं. दुसऱ्यात नुसती खोली. नदी समोर, तुमचं तुम्ही बघा. फरक जवळपास दुपटीचा. "बाबा, तुम्ही गळ टाकायचात ना, सांगा."

मला तीर्थन दिसलीच नाही, नाथसागर दिसला. 1984 चा उन्हाळा, मी सातवीत. मी आणि मावसभाऊ बांबूच्या काठ्या घेऊन तीन दिवस काठावर बसलो, एक शेपूट दिसलं नाही. चौथ्या दिवशी भोईवाड्यातले तात्या म्हणाले, "चला रे, दावतो." गळ टाकायच्या आधी ते अर्धा तास नुसते पाण्याकडं बघत बसले. मग बोट केलं. काठापासून थोडं आत बारीक बुडबुडे वर येत होते, मोहरीएवढे, एका ओळीत पुढं सरकणारे. "मृगळ हाय. तळाला चरतोय. कटला वर, रोहू मधी, ह्यो खाली. गळ चिखलाला टेकू दे." दोऱ्याला मोरपिसाची दांडी बांधलेली. ती आधी थरथरली, मग आडवी झाली, मग गेली. ती ओढ अजून मनगटात आहे.

म्हणून माझं मत पक्कं आहे. नवख्या पाण्यावर पहिल्यांदा माणूस बरोबर हवा. मासा मिळो न मिळो, पाणी वाचायला शिकवणाऱ्याला पैसे द्यावेत. पोरगं म्हणतं, सारखं कुणी डोक्यावर उभं असलं तर सुट्टी कसली? तेही खोटं नाही. तुमचे अनुभव लिहा. लॉजचे, धरणाचे, कसलेही.

मांजराकाठ
गाइड घ्या म्हणावं. दादा, तात्या गळाला लावायच्या कणकेत काय घालायचे तेवढं लिहा. आम्ही नुसत्या कणकेवर बसूलालोत, खेकडे खाऊलालेत.

बीडची लेक
मुलगी-जावई कॅनडात, ओन्टारिओत असतात. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्हाला तळ्यावरच्या लाकडी घरात नेलं. रस्ताच नाही, पाण्यावर उतरणारं छोटं विमान सोडून गेलं. घर, होडी, इंजिन, तळ्याचा नकाशा, बाकी सगळं आपलं आपण. परवान्याचे तिथं दोन प्रकार. कमी मासे ठेवायचे असतील तर स्वस्तातला. जावयांनी तोच घेतला.
पहिले दोन दिवस हे आणि जावई सकाळी जायचे आणि उन्हानं लाल होऊन रिकामे यायचे. घरात कुणी बोलेना. तिसऱ्या दिवशी एकाच दिवसापुरता गाइड बोलावला. त्यानं ओढा तळ्याला मिळतो तिथं होडी नेली आणि म्हणाला, गार पाणी इथून येतं, बारके मासे इथं, मग त्यांना खाणारेही इथंच. दुपारी बेटावर चूल मांडून त्यानं वॉलाय, म्हणजे तिथला मासा, तळून दिला. मी माझ्याजवळचं तिखट-मीठ लावलं, त्यालाही आवडलं. पुढचे तीन दिवस आम्ही एकटेच गेलो आणि रोज मिळालं. रात्री नऊला उजेड, पलीकडून पाणपक्ष्याची हाक, कुणाची घाई नाही. ते दिवस गाइड असताना नसते मिळाले. म्हणून पोराला सांगा, पहिल्या दिवशी गाइड घे, मग सोडून दे.

येलदरीवाला
ताईंचं पटलं. माझं वेगळं. पैसे वाचवायचेच असतील तर खोलीत वाचवा, नदीत नको. 2014 च्या जूनमध्ये लारजी धरणाचं पाणी सुटलं आणि बियासमध्ये फोटो काढत उभे असलेले हैदराबादचे 24 विद्यार्थी गेले. तीर्थन तिथंच लारजीला बियासला मिळते. वर ऊन पडलं की बर्फ वितळतो आणि संध्याकाळी पाणी चढतं. सकाळी ज्या दगडावर उभं राहिलो तो चारला दिसत नाही. आपल्याकडं दरवाजे उघडायच्या आधी भोंगा वाजतो म्हणून आपण बेफिकीर. तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय पोरांनी पाण्यात पाय घालू नये. हात जोडून सांगतो.

गोदाकाठचा
येलदरीवाले, अंगावर काटा आला. आत्ताच पोराला पाठवलं तुमचं.

तुळशीमाळ
आमच्या घरात माळ. वडील पंढरीचे वारकरी. पण मला गळाचा नाद लहानपणापासून, धरायचा आणि सोडायचा. आईला हे कधी कळलं नाही. कावेरीकाठी भीमेश्वरीला महसीरचा कॅम्प होता तेव्हा एकदा गेलो होतो. तिथं गाइडशिवाय पाण्यावर जाऊच देत नसत आणि प्रत्येक मासा परत सोडायचा हा नियमच. गाइडनं ओल्या हातानं, पाण्याबाहेर न काढता गळ सोडवायला शिकवलं. कोरड्या हातानं धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा नंतर मरतो. मी पंधरा वर्षं कोरड्या हातानं धरत आलो होतो. त्या रात्री झोप लागली नाही. आता तिथं गळ टाकायला बंदी आहे आणि ते बरंच झालं. कावेरीचा कुबड्या महसीर 2018 पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

मांजराकाठ
तुळशीमाळ, मनाला लावून घेऊ नका. 2016 ला आमचं मांजरा धरण पार आटलं, रेल्वेनं मिरजेहून पाणी आलं, तेव्हा तळाच्या चिखलात मरळ हातानं उचलली आम्ही. वाईट वाटायचं आणि खायचोही. पोट.

बीडची लेक
मरळीचं कालवण आमच्याकडं बाळंतिणीला देतात. चिंच घालता का तुम्ही?

मांजराकाठ
चिंच नाही ताई, आमसूलही नाही. काळा मसाला, खोबरं भाजून, बास.

येलदरीवाला
आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडं ट्राउट बंद असतो. मे ठीक, फक्त पाणी गढूळ असलं तर पोरांनी नाराज होऊ नये. परवाना मत्स्यविभागाचा, लॉजवाला "काढलाय" म्हणाला तरी कागद हातात घ्या.

गोदाकाठचा
पोराचं उत्तर आलं. पहिले दोन दिवस गाइड, नंतर दोन दिवस चौघंच, आणि चौघंच असताना गुडघ्यापलीकडं पाण्यात नाही, असं लिहून दिलंय त्यानं. मी ते दोनदा वाचलं.

तात्या जाऊन बारा वर्षं झाली. त्यांना पैसे कधी दिलेच नाहीत आम्ही. आई दिवाळीला धोतराचं पान द्यायची, तेवढंच.

मांजराकाठ, तीन मुठी कणकेला एक मूठ शेंगदाण्याची पेंड. पेंड आधी कोरडीच भाजायची, वास सुटेपर्यंत. पाणी अगदी थोडं. गोळी बोराएवढी, आणि गळाचं टोक झाकलं गेलं पाहिजे.

मांजराकाठ
उद्याच पेंड आणतो दादा.