तंतुमय आणि गोलाकार प्रथिने : भेद नेमका कशात आहे?

प्रश्न : तंतुमय प्रथिने पाण्यात विरघळत नाहीत आणि गोलाकार प्रथिने विरघळतात, हे मी पाठ केले आहे. परंतु दोन्ही त्याच वीस अमिनो आम्लांपासून बनत असतील, तर हा फरक येतो कोठून? शिवाय सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनचे धागे बनतात असे वाचले. मग हिमोग्लोबिनला गोलाकार का म्हणायचे?

उत्तर १ : फरक अमिनो आम्लांच्या क्रमातून येतो. गोलाकार प्रथिनाची साखळी अशी दुमडते की पाण्याला टाळणारे बहुतेक भाग आत दडतात आणि पाण्याशी जुळणारे पृष्ठभागावर राहतात. तंतुमय प्रथिनात मात्र ठरावीक क्रम पुन्हापुन्हा येतो. हाडांत आणि कातडीत असणाऱ्या कोलॅजेन या तंतुमय प्रथिनामध्ये दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसीन असते, कारण तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळल्या जाताना मधोमध त्याहून मोठ्या गटाला जागाच उरत नाही. या तिपेडी रचनेचा आराखडा जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ मध्ये मद्रासमध्ये मांडला होता. असा रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड असतो.

उत्तर २ : विद्राव्यतेचा नियम फार ताणू नये. रक्त गोठण्यासाठी लागणारे फायब्रिनोजेन लांबट असून तंतुमय प्रथिनांत गणले जाते, तरी ते रक्तद्रवात विरघळलेले असते. थ्रॉम्बिन या विकराने (एन्झाइमने) त्याचे छोटे तुकडे छाटल्यावरच फायब्रिनचे जाळे तयार होते.

उत्तर ३ : सिकलसेलविषयी. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार परिचित आहे. त्यात हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. ऑक्सिजन सोडल्यानंतर हे व्हॅलीन शेजारच्या रेणूवरील पाणी टाळणाऱ्या खाचेत बसते, आणि रेणूला रेणू जोडला जाऊन धागा बनतो. त्यातील प्रत्येक रेणू गोलाकारच राहतो. मण्यांची माळ झाली म्हणून मणी काही लांबट होत नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. अंडे उकडल्यावर पांढरा भाग घट्ट होतो, तेव्हाही असेच घडते का?

उत्तर १ : नाही. तेथे उष्णतेने गोलाकार प्रथिनांच्या घड्या उलगडतात, आत दडलेले भाग उघडे पडून एकमेकांत गुंततात आणि प्रथिन अविद्राव्य होते. गंमत अशी की हाडे आणि कातडी बराच वेळ उकळल्यास कोलॅजेनचे पेड सुटून जिलेटिन बनते, आणि ते गरम पाण्यात विरघळते.